ट्रेकची श्रेणी छापता, तशी मुक्कामाची उंचीही छापा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सुट्टीत करता येतील अशा हिमालयातल्या ट्रेकची यादी वाचली. हिमाचलात मनालीजवळच्या हामटा पास या खिंडीच्या ट्रेकसमोर 'श्रेणी: मध्यम' एवढंच होतं. गेल्या जूनमध्ये मी त्याच वाटेवर होते, म्हणून हे पत्र.

सह्याद्रीत मध्यम श्रेणी म्हटलं की आपल्याला नेमकं कळतं. चढ छातीवरचा आहे का, रॉकपॅच लागतो का, पाणी कुठे मिळेल, वाट चुकायची भीती किती. हा सगळा हिशेब पायांचा आणि दमाचा. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही 1,646 मीटर. तिथे कुणाला हवा कमी पडत नाही. मी साताऱ्याची, वर्षभर पहाटे अजिंक्यतारा चढणारी. तेव्हा हामटा मध्यम आहे म्हणजे आपल्याला जमेल असं मी धरून चालले. पायांच्या बाबतीत ते खरंही होतं.

पण हामटाचा पास 4,270 मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. बहुतेक वेळापत्रकं अशी: दिल्लीहून रात्रभराच्या बसने सकाळी मनाली, म्हणजे 2,050 मीटर. लगेच गाडीने जोबरा आणि तिथून चालत चिका, साधारण 3,100. दुसरी रात्र बालू का घेरा, 3,600. तिसऱ्या दिवशी पास ओलांडून पलीकडे शिया गोरूला मुक्काम, 3,900 च्या आसपास. डॉक्टर सांगतात की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. इथे तर काल सपाटीवर असलेला माणूस आज 3,100 वर झोपतो. 'मध्यम' या शब्दात यातलं काहीच दिसत नाही.

बालू का घेराच्या संध्याकाळी माझ्या तंबूतली मुलगी जेवली नाही. सव्वीस वर्षांची, हाफ मॅरेथॉन पळणारी, दोन्ही दिवस आमच्या सगळ्यांच्या पुढे. डोकं सकाळपासून दुखत होतं, पण सांगितलं तर पासवर नेणार नाहीत म्हणून गप्प. दुखणं अंगावर काढायची आपली जुनी सवय! पोळी तिने कागदात गुंडाळून सॅकच्या खिशात ठेवली होती. ते कुणी पाहिलं, तर ताटं गोळा करणाऱ्या स्वयंपाकघरातल्या स्थानिक मुलाने. "दीदी ने कल भी आधा ही खाया था," तो म्हणाला. आमच्या म्होरक्याने बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ठीक आहे, सकाळी बघू म्हणाला. त्या मुलाने मात्र तिला उभं केलं आणि तंबूच्या दोरीच्या रेषेत टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ती कलली. तोल जाणं म्हणजे विरळ हवेच्या त्रासाने मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण, आणि त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. टॉर्चच्या उजेडात दोघांच्या आधाराने तिला चिकाला आणलं. मीही सोबत उतरले. पहाटे तिने स्वतःहून चहा मागितला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पास मी पाहिलेला नाही, आणि त्याची खंत नाही.

पळणाऱ्या तरण्या माणसाला विरळ हवेचा त्रास होत नाही, हा समज फार पसरला आहे. उलट पायात बळ असलेलाच भराभर चढतो आणि त्रास ओढवून घेतो. डायमॉक्सची गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारून घ्यायची, सल्फाची अॅलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच. आणि गोळी घेतली म्हणून चढण्याची घाई करायची मुभा मिळत नाही.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. बालू का घेरापर्यंत काही झालं तर माणूस त्याच दिवशी जोबऱ्याला उतरतो. पास ओलांडला की आपण पलीकडच्या लाहौल खोऱ्यात. मग एकतर पुन्हा 4,270 चढायचं, नाहीतर तशाच अवस्थेत पुढे गाडीरस्त्यावरचं छत्रू गाठायचं, आणि मधला बर्फाच्या पाण्याचा ओढा दुपारी फुगतो. म्हणून पुढे जायचं की नाही, हे ठरवायची जागा बालू का घेरा, आदली संध्याकाळ. हे जाणाऱ्याला घरून निघतानाच माहीत हवं.

हवामानाचंही तेच. जून 2024 मध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालच्या वाटेवर 22 जणांचा गट बर्फाच्या वादळात सापडला आणि त्यातले 9 जण दगावले. श्रेणी ठरते ती स्वच्छ दिवसाची. वादळात तीच वाट वेगळी होते. वेळापत्रकात एकही राखीव दिवस नसेल आणि परतीचं तिकीट पक्कं असेल, तर ढग दिसत असूनही माणसं निघतात.

यंदा मी पुन्हा जायचं ठरवलंय. चौकशीला दोन ठिकाणी फोन केले. पहिल्याने सांगितलं, "मॅडम, मॉडरेटच आहे, लहान मुलंसुद्धा करतात." दुसऱ्याने न विचारता प्रत्येक मुक्कामाची उंची सांगितली, ऑक्सिजनचं सिलिंडर कुठल्या तळावर असतं ते सांगितलं आणि मनालीत दोन रात्री काढून या म्हणाला. दोघांच्या जाहिरातीत श्रेणी मात्र एकच छापलेली.

माझी विनंती एवढीच की, अशी यादी पुढे छापाल तेव्हा श्रेणीशेजारी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची, राखीव दिवस आहे का आणि कुठल्या तळापर्यंत मागे फिरता येतं, हे द्यावं. फार तर तीन ओळी वाढतील. त्या मुलीच्या आईवडिलांनी आपल्यासारख्याच एका पुरवणीतली यादी वाचून तिला पाठवलं होतं.

– आपली एक वाचक, सातारा