‘गेट आउट ऑफ’समोर नुसतं ‘बाहेर पडणे’ छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा जवळ आली की दैनिकांच्या शैक्षणिक पानांवर फ्रेजल व्हर्बच्या, म्हणजे क्रियापदाला ‘आउट’, ‘ऑफ’सारखे छोटे शब्द जोडून होणाऱ्या वाक्प्रयोगांच्या, याद्या झळकू लागतात. त्यात ‘गेट आउट ऑफ’समोर ‘बाहेर पडणे’ एवढंच असतं. हा अर्थ चुकीचा नाही, अर्धा आहे. खेड्यापाड्यांतल्या आमच्या विद्यार्थ्यांचे गुण नेमके उरलेल्या अर्ध्यात जातात. त्यांच्या कानावरून नुसतं ‘गेट आउट’ गेलेलं असतं, तेही वर्गाबाहेर काढताना.

पहिली गडबड मराठीतूनच येते. ‘कर्जातून’मधल्या ‘तून’साठी हाताशी ‘फ्रॉम’ असतो, म्हणून मुलं ‘गेट आउट फ्रॉम लोन’ लिहितात. हवं ‘गेट आउट ऑफ डेट’. ‘लोन’ म्हणजे बँकेनं दिलेलं एखादं कर्ज, ‘डेट’ म्हणजे अंगावरचा एकूण बोजा. त्याआधी ‘द’ नको आणि स्पेलिंगमधला ‘बी’ उच्चारायचा नाही. फळ्यावर हा शब्द रोमनमध्येच लिहावा. देवनागरीत तो तारखेच्या ‘डेट’सारखाच दिसतो. दुसऱ्याला सोडवायचं असेल तर त्याची जागा ‘गेट’ आणि ‘आउट’च्या मध्ये: ‘हिज अंकल गॉट हिम आउट ऑफ ट्रबल’. ‘गॉट आउट हिम’ असं होत नाही.

‘ऑफ’नंतर क्रियापद आलं तर ते ‘आयएनजी’ लावूनच येतं, ‘टु’ लावून नाही. पीकविम्याचं उदाहरण घ्या: ‘द कंपनी इज ट्राइंग टु गेट आउट ऑफ पेइंग द क्लेम’. इथे ‘बाहेर पडणे’ हा अर्थ लावून पाहा, वाक्य लंगडं पडतं. पैसे देणं भाग आहे आणि कंपनी अंग काढून घेतेय, असा तो अर्थ आहे. नुकसानीची सूचना वेळेत आली नाही, फोटो नीट नाही, अशी एकेक सबब काढून ती सटकत असेल, तर ‘रिगल आउट ऑफ’ आणखी चपखल. ‘रिगल’ म्हणजे बोंडअळीसारखं वळवळणं; त्यातला पहिला ‘डब्ल्यू’ मुका.

काम किंवा जबाबदारी टाळण्याच्या अर्थानं ‘गेट आउट ऑफ’ वापरलं की त्यात कामचुकारपणाचा वास येतो, आणि हे कुठलीच यादी सांगत नाही. आजारपणामुळे निवडणुकीचं काम नको असलेल्या कर्मचाऱ्यानं तहसीलदारांना ‘आय वॉन्ट टु गेट आउट ऑफ इलेक्शन ड्यूटी’ असा अर्ज दिला, तर व्याकरण बरोबर आणि अर्ज वाया. तिथे ‘काइंडली एक्झेम्प्ट मी फ्रॉम इलेक्शन ड्यूटी’ लिहावं. हो, इथे ‘फ्रॉम’च बरोबर! कर्ज, व्यसन, संकट यांच्या बाबतीत मात्र ‘गेट आउट ऑफ’ला असा वास नाही. तिथे ते बिनधास्त वापरावं.

सगळ्यात जास्त घोळ ‘गेट अवे विथ’शी होतो. ‘गेट आउट ऑफ’मध्ये काम झालेलंच नसतं, टाळलेलं असतं. ‘गेट अवे विथ’मध्ये भानगड करून झालेली असते, फक्त शिक्षा चुकते. वऱ्हाडीत आपण सहज म्हणतो, पोट्ट्यानं कॉपी केली अन् पचली. ते ‘ही गॉट अवे विथ कॉपिंग’. सापडला, पण नुसत्या दंडावर सुटला, तर ‘ही गॉट ऑफ विथ अ फाइन’; हा ‘ऑफ’ मात्र दोन ‘एफ’चा. एसटीतून उतरायलाही हेच ‘गेट ऑफ’, मात्र कारमधून उतरायचं तर पुन्हा ‘गेट आउट ऑफ’. याला कारण शोधत बसू नये, ऐकून ऐकून बसतं ते.

बारावीला इंग्रजीची ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी परीक्षा असते. तोंडीत ‘गेट–आउट–ऑफ’ असे तीन तुकडे पडतात. जोर ‘आउट’वर द्यावा, ‘ऑफ’ उरकून टाकावा.

जागेची अडचण आम्हाला कळते. पन्नासऐवजी दहाच क्रियापदं द्या, पण प्रत्येकाखाली एक बरोबर वाक्य, मुलं नेहमी लिहितात ते एक चुकीचं वाक्य, आणि अर्जात चालेल की नाही याची एक ओळ छापा. इंग्रजी वाक्यं रोमन लिपीतच द्या.

– काही इंग्रजी विषयशिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ