साडेपाच हजार

सेलू, जि. वर्धा
पोळ्यानंतरचा रविवार

प्रिय संज्या,
सप्रेम जय गुरुदेव.

मार्चमध्ये तुझा फोन आला तेव्हा ‘रात्री करतो’ म्हणालो होतो. ती रात्र आज उगवली. रागावला असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. पण हे फोनवर सांगता आलं नसतं. दोन मिनिटांत तू ‘अबे, मुद्द्यावर ये’ म्हणाला असतास, आणि मुद्दा असा आहे की तो एका ओळीत ऐकून तुझ्याशिवाय कोणालाच त्यात काही वाटणार नाही.

मी नागपूरच्या महालात, भर रस्त्यावर, एका अनोळखी बाईला माझ्या लाकडी नंदीची किंमत सांगितली. साडेपाच हजार. आणि सांगून गप्प राहिलो.

बस, एवढंच झालं. मायचे गुडघे आहेत तसेच आहेत, माझा खांदा मधूनमधून धरतो, बाकी सगळे बरे.

आता नीट सांगतो. बाबांना भाव सांगताना तू कधी ऐकलंस का? मी नाही ऐकलं. वखराची दांडी बसवली, तिफण दुरुस्त केली, कोणाच्या पोराला नंदी करून दिला, की खळ्यावर ज्वारीच्या वेळी पायली-दोन पायल्या यायच्या. कोणी जास्त घालायचं, कोणी हात आखडायचं. बाबा दोघांनाही सारखाच रामराम करायचे. बलुतं गेलं, वखर लोखंडाचे झाले, ट्रॅक्टर आले, पण ती सवय आमच्या घरातून गेली नाही. ‘द्या तुम्हाला वाटेल ते.’ हे वाक्य मी बाबांकडून वाकस-पटाशीबरोबर घेतलं. बांधकामावर चौकटी बसवायला जातो तेव्हा 700 रुपये रोज बिनदिक्कत मागतो, ठेकेदाराशी भांडतो सुद्धा. पण नंदी हातात आला की जीभ टाळूला चिकटते. चौकट म्हणजे काम. नंदी म्हणजे मला आवडलं म्हणून केलेलं. आवडीचे पैसे कसे मागायचे, असं आतून कोणीतरी म्हणत राहते.

आणि दुसरं कोणीतरी त्याहून वाईट म्हणते, की हे काही एवढं चांगलं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी एका दुकानदाराने माझे आठ नंदी नेले होते, 1,500 प्रमाणे. नाव लिहीत नाही. जानेवारीत नागपूरला गेलो तेव्हा सहज त्या दुकानात डोकावलो. काचेच्या कपाटात, पिवळ्या दिव्याखाली माझा नंदी उभा होता आणि त्याच्या पायाशी चिठ्ठी होती, 6,200. तुला वाटेल मला राग आला. नाही आला. तुला हेच सांगायचं आहे. मला गिऱ्हाइकाची कीव आली! वाटलं, हा दुकानदार लोकांना फसवून राहिला, 1,500 च्या वस्तूचे सहा हजार उकळून राहिला. घरी येऊन हे तुझ्या वहिनीला सांगितलं तर तिने भाकर थापता थापता हात थांबवला आणि म्हणाली, “म्हणजे तुमच्यापेक्षा त्या दुकानदाराचा तुमच्या कामावर जास्त भरवसा आहे.” मी त्या रात्री नीट जेवलो नाही.

संज्या, मी ते काम कसं करतो हे तुला माहीत आहे. तू आमच्या ओसरीवर बसून किती पाहिलं. पण आताचे नंदी तू पाहिले नाहीस. बाजारात मिळतात ते सगळे एका साच्यातले, गोल डोळे, लाल ओठ, अंगावर चकचकीत रंग. मी दोन वर्षांपासून गवळाऊ करून राहिलो. आपल्या आर्वी-कारंजाकडचा गवळाऊ जातीचा बैल, तुमच्या आबांची ती पांढरी जोडी आठव. लांब, निमुळतं तोंड, कपाळाला जरासा पुढे आलेला बाक, बदामासारखे डोळे, आखूड शिंगं. त्या कपाळाच्या बाकासाठीच मला अर्धा दिवस लागतो. शिवणीचं लाकूड हलकं आणि हाताला ऐकणारं असते, पण पटाशी एक धागा जास्त गेली की बैलाचा घोडा होतो. मानेखालची पोळी करताना लाकडाचे रेषे जिकडे जातात तिकडेच तिच्या घड्या वळवाव्या लागतात. रंग देतच नाही, नुसतं घासून तेल-पॉलिश. वशिंडावरून हात फिरवला की कुठेच अडला नाही पाहिजे. हे सगळं मी तुला लिहू शकतो. गिऱ्हाइकासमोर एक शब्द निघत नव्हता.

उन्हाळ्यात विश्वकर्मा योजनेचं पाच दिवसांचं प्रशिक्षण केलं. अवजारांसाठी 15,000 ची सोय आहे, आणि प्रशिक्षणाला बसल्याचे दिवसाला 500 रुपये. पटाशी कशी धरायची ते मला शिकवत होते आणि त्याचे मला 500 रुपये मिळत होते. तिथून परत येताना एसटीत डोक्यात हिशोब सुरू झाला. शिकणाऱ्या हाताचे दिवसाला 500, तर मी नंदी 1,800 ला विकतो तेव्हा लाकूड-चाकांचे 900 वजा जाता माझ्या पाच दिवसांचे उरतात 900. दिवसाचे 180. सेलू येईपर्यंत चार वेळा गणित केलं, तेवढेच आले.

गुरुजींकडे गेलो. त्यांना आता कमी दिसते, पण बोलणं तेच. त्यांनी मगनवाडीची गोष्ट काढली. 1935 साली, इथे वर्ध्यातच, गांधीजी म्हणत होते की कातणारणीला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळाले पाहिजेत. आणि खादीचं काम करणारी त्यांचीच माणसं घाबरली होती, की मजुरी वाढली तर खादी महागेल, मग घेणार कोण. आठ आणे काही झाले नाहीत, पण मजुरी वाढवायचं ठरलं. गुरुजींनी पुढे काही शिकवण दिली नाही, चहा सांगितला. मी मात्र घरी येताना म्हणत होतो, ते दुसऱ्याच्या मजुरीसाठी भांडत होते. दुसऱ्यासाठी कोणीही भांडतो. स्वतःसाठी मागायचं म्हणजे तोंड जड होते.

हेच मी तुझ्या वहिनीला म्हणालो. तर तिने कॅलेंडरचं मागचं पान माझ्यासमोर ठेवलं. मी त्यावर हिशोब मांडला होता. लाकूड 700. चाकं, पॉलिश 200. माझे पाच दिवस, 700 प्रमाणे 3,500. टेम्पोचा वाटा 100. एकूण 4,500. ती म्हणाली, “आणि घासते कोण?”

संज्या, मला खरंच शरम वाटली. एका नंदीला दोन दिवस ती पॉलिशपेपर घेऊन बसते. आधी जाड, मग बारीक, मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा बारीक. तिच्या बोटांच्या टोकांवरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत, बँकेत अंगठा मशीनवर उमटत नाही. आणि मी माझा माल स्वस्त आहे म्हणून खंत करत बसलो होतो, तिचे दिवस हिशोबात धरलेच नव्हते. तिच्याच हाताने मी खाली लिहिलं: दोन दिवस, 500 प्रमाणे, 1,000. म्हणजे पेन मी धरला होता, आकडे ती सांगत होती. एकूण साडेपाच हजार.

मग टेम्पोत पाच मोठे, बारा लहान नंदी भरून महालात गेलो. किमतीच्या चिठ्ठ्या हिनेच लिहून दिल्या होत्या. मी त्या पोटाखाली बांधल्या, चाकांच्या मध्ये, कोणी वाकून पाहिलं तरच दिसतील अशा. ही दुपारच्या गाडीने डबा घेऊन आली, एक नंदी उचलला, चिठ्ठी सोडली आणि गळ्यात बांधली. पाचही नंदींच्या. माझ्याशी बोलली नाही.

तिथे बसल्या बसल्या मनात काय काय येते. पोरं लाकडी नंदी मिरवतात त्या तान्ह्या पोळ्याची चाल दुसऱ्या रघुजीराजांनी 1806 साली सुरू केली म्हणतात, भोसल्यांच्या वाड्यावर तो मोठा लाकडी नंदी आहे. मी विचार करत होतो, तो ज्याने घडवला त्या सुताराने काय मागितलं असेल. की त्यानेही ‘द्या महाराज, तुम्हाला वाटेल ते’ म्हटलं असेल.

तेवढ्यात ती बाई आली. सोबत नवरा, हातात पोरगी. चिठ्ठी समोर दिसत असून विचारलं, “याचे किती?” माझ्या कानात धडधड होत होती. म्हणालो, “साडेपाच हजार.” ती म्हणाली, “एवढे? तिकडे सहाशेत मिळून राहिले.” पहिले असतो तर तिथेच घसरलो असतो, ‘ताई, तुम्ही सांगा, तुम्हाला करून देतो.’ ओठावर आलंच होतं. ती म्हणाली, “तीन हजाराला द्या.” आणि मला ते कॅलेंडरचं पान दिसलं. अडीच हजार कमी करायचे तर कोणत्या ओळीतून करू? लाकडाच्या करता येत नाही, आरामशीनवाला ऐकणार नाही. टेम्पोवाला ऐकणार नाही. उरलो मी आणि ही. हिच्या ओळीवर मी काट मारायची आणि तीही ही मागे डबा उघडून बसली असताना? म्हणालो, “नाही जमणार ताई. सात दिवसांचं काम आहे, दोघांचं.” आणि गप्प बसलो. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि ते निघून गेले. मी हाक मारली नाही.

ही चांगली गोष्ट झाली की वाईट, हे मला तेव्हा कळलं नाही. हात थंड पडले होते. घशाखाली पोळी उतरत नव्हती.

संध्याकाळी एक म्हातारे आले, धोतर, डोक्याला दुपट्टा. काही विचारलं नाही. मधल्या नंदीच्या कपाळावर तळहात ठेवला, ज्या बाकासाठी मी अर्धा दिवस घालवतो तिथे, आणि म्हणाले, “गवळाऊ.” मी म्हणालो, “हाव.” ते म्हणाले, “आमच्याकडे होते. आता नाहीत.” आणि गेले. घेतलं काहीच नाही. पण संज्या, मला त्यानंतर बसल्या जागी ताठ बसता आलं. तू आमच्या बाबांच्या वेळी दवाखान्यात माझ्या बाजूला नुसता बसून होतास, तसं काहीसं वाटलं.

पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत पाचांपैकी दोन गेले, दोन्ही साडेपाच हजारांना. लहानांमधले सात गेले. तीन मोठे परत आणले. मागच्या वर्षी पाचही गेले होते, 1,800 ने, नऊ हजार आले होते. यंदा दोनाचे 11,000 आले आणि तीन घरी उभे आहेत. हिशोब माझ्या बाजूने आहे, मला कळते. तरी रात्री झोपताना ते तीन कोनाड्याकडून माझ्याकडे पाहत राहतात आणि वाटते, चार हजारांना दिले असते तर? भाव जास्त झाला का, की हे तीन कमी उतरले? पहाटे उठून एकाच्या पोळीवरून हात फिरवला. चांगला उतरला आहे. मग पुन्हा शंका. जात नाही रे ती. पण पहिले मला वाटायचं, शंका गेली की मग किंमत सांगेन. यंदा दोन्ही सोबतच होत्या आणि किंमत सांगून झाली.

हे सगळं तुलाच का लिहितो ते तुला समजलं असेल. बारावीचा पोळा. तू ताईच्या पोरासाठी माझ्याकडून नंदी नेलास आणि माझ्या हातात पन्नासची नोट कोंबलीस. मी ती तुझ्या अंगावर फेकली. तू म्हणालास, “अबे, बाजारातून आणला असता तर दिलेच असते ना.” मी म्हणालो, “मग बाजारातूनच आण.” साडेचार महिने बोललो नाही आपण. तू मला माजुरडा म्हणत होतास गावभर, आणि मी तुला पैशाचा. मला तेव्हा वाटलं होतं, तू आपल्या दोस्तीची किंमत केलीस. तू माझ्या कामाची करत होतास, पहिल्यांदा कोणीतरी. मला कळायला इतकी वर्षं लागली. (सिंदीच्या तान्ह्या पोळ्यात त्या ताडमाड नंदीमागे धावताना तुझी चप्पल गेली आणि तू माझ्याच बाबांच्या चपला घालून घरी गेलास, त्यांचे पैसे मात्र तू अजून दिले नाहीस, हेही लक्षात आहे माझ्या.)

तुझं काय? बदलीचं झालं का काही? फ्लॅटचे हप्ते किती राहिले? रात्रपाळी बंद झाली असेल तर बरं. ताईला नमस्कार सांग, वहिनींना सांग की तिळाची चटणी हिने बांधून ठेवली आहे. दिवाळीला ये, माय रोज विचारते.

चिमीसाठी लहानातला एक बाजूला ठेवला आहे. वीतभर, गवळाऊच, कान जरा मोठे केले आहेत, तिला धरायला. लहानाचे मी 1,400 घेतो. आणि तुझे ते जुने पन्नास. 1,450 झाले. कुरिअर माझ्याकडे. ‘असू दे’ म्हणून दोन हजार पाठवू नको आणि विसरूही नको. 1,450 आले की नंदी निघेल.

तुझा,
बाळ्या