असाटीगला निघण्यापूर्वी

प्रिय मंदार,

सप्टेंबरअखेर न्यू जर्सीतल्या एडिसनहून असाटीग बेटावर जायचं ठरवलंस, फार बरं केलंस. जुलै-ऑगस्टमध्ये तिथले डास आणि चावऱ्या माश्या जीव नकोसा करतात. वारा समुद्राकडून आहे तोवर निभतं. तो पश्चिमेचा झाला की खाडीकाठच्या दलदलीतले सगळे डास किनाऱ्यावर येतात. सप्टेंबरात पाणी डुंबण्याइतकं उबदार असतं आणि गर्दीही ओसरलेली असते. मात्र हा वादळांचा हंगाम, तेव्हा आदल्या दिवशी अंदाज पाहूनच नीघ.

मेरीलंड आणि व्हर्जिनियात मिळून साठेक किलोमीटर पसरलेलं हे बेट मोकळं राहिलं ते वादळामुळे. १९५० च्या दशकात इथे हजारो प्लॉट विकले गेले होते, डांबरी रस्ताही झाला होता. मार्च १९६२ च्या वादळाने सगळं धुऊन नेलं आणि १९६५ साली बेट राष्ट्रीय किनारा म्हणून राखलं गेलं. त्या रस्त्याचे तुकडे वाळूच्या टेकड्यांमधल्या पायवाटेवर अजून दिसतात. ते मुलांना आवर्जून दाखव.

आता तंबूचं. दुकानातून तंबूबरोबर मिळतात त्या बारीक खुंट्या इथे कुचकामी. कोरडी वाळू त्यांना धरतच नाही, जोराचा वारा आला की उपटून येतात. हातभर लांब, रुंद पात्याच्या खुंट्या घे. त्या नाही मिळाल्या तर कापडी पिशवी वाळूने भर, तिच्या गळ्याला दोरी बांध आणि दीड फूट खोल पुरून वरची वाळू पायाने दाबून घट्ट कर. दोरी तंबूपासून लांब, तिरपी ने. उभी ओढलीस तर पिशवी वर सरकते. सावली कुठेच नाही, तेव्हा ताडपत्रीही ने.

बेटावर रानटी घोडे आहेत. ते मोकळे हिंडतात, अगदी तंबूपाशी येतात. चाळीस फूट अंतर ठेव, कितीही गरीब दिसले तरी. ते चावतात आणि लाथही मारतात. खाण्याचं सगळं गाडीत बंद कर. तंबूत ठेवलेल्या पावासाठी ते तंबू फाडतात. खाऊ मिळाला की रस्त्यावर गाड्यांपाशी येऊ लागतात आणि धडकेत मरतात. म्हणून मुलांना आधीच बजाव.

पोहताना एकच लक्षात ठेव. लाटा फुटत असताना मध्येच एका पट्ट्यात पाणी शांत आणि गडद दिसतं, फेस बाहेर वाहत असतो. अनोळखी माणसं नेमकी तिथे उतरतात आणि पाणी त्यांना आत ओढून नेतं. तसं झालं तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की मग वळा. जीवरक्षक असतात ते उन्हाळ्यापुरते, तुम्ही जाल तेव्हा नसतील.

टेकड्यांवरून मात्र कुणी चालू नये. तिथलं गवतच वाळू धरून ठेवतं आणि ते पायदळी तुडवलं की मरतं. समुद्राकडे जायला आखलेल्या वाटा आहेत, तिथूनच जा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत