कापसातला धागा आणि बायांची मजुरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुईच्या गाठीत प्लास्टिकचा धागा निघाला म्हणून जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचणाऱ्या महिलांची मजुरी कापली जाते, याविषयी आपल्या अंकात नुकतेच वाचले. अमळनेर परिसरातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी बरीच वर्षे पर्यवेक्षक होतो आणि अशा एका कपातीच्या कागदावर माझीच सही आहे, म्हणून हे पत्र.

सूतगिरणीकडून परत आलेला तो धागा खताच्या गोणीचा होता; पांढरा, बोटभर लांब, रुईत पुरता गुंतलेला. असा धागा सुतात गेला की रंग धरत नाही आणि कापडावर त्याची रेघ उमटते, त्यामुळे गिरणीची तक्रार रास्तच होती. त्या पाळीला कापूस वाहून नेणाऱ्या पट्ट्याशी कचरा वेचायला बसलेल्या बाईला मी विचारले, "डोळ्यांसमोरून गेला, तरी दिसला कसा नाही?" ती म्हणाली, "डोयासमोरथून गया व्हई भाऊ, पन माले दिसना नही." मला ती सबब वाटली. निवृत्तीनंतर मानसशास्त्राचे वाचन सुरू झाले, तेव्हा ती खरे बोलत होती हे उमगले.

ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1980 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, शोधायची वस्तू एखाद्या ठळक गुणाने, उदाहरणार्थ केवळ रंगाने, वेगळी असेल तर भोवती कितीही वस्तू असल्या तरी ती चटकन नजरेत भरते. पण ती दोन गुणांच्या मिलाफावरूनच ओळखायची असेल, तर लक्ष एकेका वस्तूवर न्यावे लागते आणि वस्तू वाढतील तसा वेळ वाढतो. शोधायची वस्तू भोवतालाशी जितकी मिळतीजुळती, तितका शोध अवघड, हेही पुढे संशोधकांनी दाखवले. गुटख्याची लाल पुडी आमच्या बाया हसत-बोलत उचलत. पांढऱ्या कापसातला पांढरा धागा मात्र सरकत्या पट्ट्यावर पुंजका-पुंजका तपासूनच सापडणार, आणि पट्टा काही थांबत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दुर्मीळतेची. नजरेने शोध कसा घेतला जातो याचे अभ्यासक जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये सामानाच्या तपासणीसारखा एक प्रयोग केला. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना लोकांकडून ती सुमारे 7 टक्के वेळा निसटली. तीच वस्तू शंभरात एकाच चित्रात ठेवली, तेव्हा निसटण्याचे प्रमाण 30 टक्क्यांवर गेले. बहुतेक वेळा काहीच सापडत नसले की "इथे काही नाही" हा निर्णय मन लवकर घेऊ लागते. हे ठरवून होत नाही आणि दटावल्याने थांबत नाही. आमच्या पट्ट्यावर तर तासन् तास नुसता कापूसच जात असे.

आणि नजर पडली म्हणजे दिसलेच, असेही नाही. 2013 मधील एका प्रयोगात फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या 24 क्ष-किरणतज्ज्ञांपुढे गोरिलाचे चित्र मुद्दाम घातले होते. त्याचा आकार सरासरी गाठीच्या 48 पट होता, तरी 20 जणांना तो दिसला नाही. त्यांतल्या बहुतेकांची नजर गोरिलावर पडून गेल्याचे डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदीतून कळले. वर्षानुवर्षे हेच काम शिकलेल्या तज्ज्ञांची ही स्थिती असेल, तर आठ तास धुळीत बसणाऱ्या मजूर बाईकडून आपण कोणत्या तोंडाने हिशेब मागतो?

विमानतळांवर तपासनिसाच्या पडद्यावर अधूनमधून शस्त्रांची खोटी चित्रे मुद्दाम सोडतात आणि ती पकडली की निसटली हे लगेच सांगतात. आपल्याकडेही मोजून ठेवलेले चाचणीचे धागे पट्ट्यावर टाकता येतील. ते पुढे मोजून काढून घ्यावेत आणि निसटले त्याचा दंड नसावा. जागा ठरावीक वेळाने बदलावी, मध्ये थोडी विश्रांती द्यावी. मुळात शेतकऱ्याला वेचणीसाठी सुती कापडाच्या झोळ्या दिल्या, तर गोणीचा धागा कापसात येण्याची वाटच बरीचशी बंद होईल, आणि त्याचा खर्च एका परत आलेल्या गाठीपुढे मला तरी फार वाटत नाही.

नवा कापूस दसऱ्याच्या सुमारास जिनिंगवर येऊ लागेल. त्याआधी जिनिंगमालकांनी पट्ट्यावरच्या बायांना एकदा समोर बसवून विचारावे, आणि मजुरी कापण्याची अट या हंगामापासून काढून टाकावी, ही माझी कळकळीची विनंती आपण छापावी.

आपला नम्र,
एक निवृत्त जिनिंग पर्यवेक्षक,
अमळनेर, जि. जळगाव