क्यू बनवायला शिकवता, अडलेला क्यू सोडवायलाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अॅप्लिकेशन सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रशासकांचे जे वर्ग पुण्या-मुंबईत चालतात, त्यांत मेसेजिंग (प्रणालींमधली संदेशांची देवाणघेवाण) आणि नेमिंग (गोष्टींना नाव देऊन त्या नावाने शोधणे) हा भाग फार घाईत उरकला जातो. कन्सोल उघडा, क्यू (संदेशांची रांग) तयार करा, त्याला जेएनडीआय (जावातली नावाने शोधण्याची सोय) नाव द्या, की झाला धडा. पैसे भरल्याची नोंद एका प्रणालीतून दुसरीत न हरवता पोहोचवण्याचे काम अनेकदा याच क्यूवर असते, म्हणून हे लिहावेसे वाटले.

वाइल्डफ्लाय हा जावा अॅप्लिकेशन सर्व्हर मोफत मिळतो, तेव्हा उदाहरण त्याचेच घेऊ. तो नेहमीच्या स्टँडअलोन या मांडणीच्या फाइलवर सुरू केला तर मेसेजिंग नसतेच; स्टँडअलोन-फुल ही फाइल द्यावी लागते. मग नावाचा प्रश्न येतो. क्यूला फक्त 'जावा:/' ने सुरू होणारे नाव दिले, तर तो त्याच सर्व्हरमधल्या अॅप्लिकेशनला सापडतो. बाहेरच्या क्लायंटसाठी 'जावा:जेबॉस/एक्सपोर्टेड/' खाली दुसरी नोंद लागते आणि शोधताना क्लायंटने हा उपसर्ग गाळायचा असतो. हे ठाऊक नसले की 'नेम नॉट फाउंड' दिसताच प्रशिक्षणार्थी क्यू पुसून नव्याने बनवू लागतो. क्यू मुळात ठीकच असतो.

याहून अवघड बिघाड असा: नाव सापडते, पण जोडणी होत नाही. कनेक्शन फॅक्टरी (क्लायंटला जोडणी करून देणारी वस्तू) क्लायंटकडे जाते ती सर्व्हरचा पत्ता पोटात घेऊनच. सर्व्हर ०.०.०.० वर (म्हणजे यंत्राच्या सर्व पत्त्यांवर) बांधलेला असला तर तो पत्ता बाहेर देण्यात अर्थ नसतो, म्हणून त्याजागी यंत्राचे होस्टनेम घातले जाते. तसा इशारा सर्व्हर सुरू होताना लॉगमध्ये येतो. क्लायंटच्या यंत्राला ते होस्टनेम ओळखता आले नाही की सगळे अडते. अशा वेळी फायरवॉलमागे धावण्याआधी लॉगमधली ती ओळ वाचावी आणि कनेक्टरला (फॅक्टरीतला पत्ता ठरवणाऱ्या मांडणीला) क्लायंटला गाठता येईल असा पत्ता द्यावा.

सर्वाधिक वेळ मात्र पुनर्वितरणाला द्यायला हवा. व्यवहार रोलबॅक झाला (अपयशामुळे मागे घेतला गेला) की संदेश पुन्हा दिला जातो. मूळ मांडणीत असे १० प्रयत्न होतात आणि दोन प्रयत्नांमधले अंतर शून्य असते. डेटाबेस दोन मिनिटे बंद पडला तरी हे दहाही प्रयत्न क्षणात संपू शकतात आणि धडधाकट संदेश डेड लेटर क्यूत (न पोहोचलेल्या संदेशांच्या वेगळ्या रांगेत) जाऊन पडतात. मुख्य क्यू रिकामा दिसतो, त्यामुळे सगळे सुरळीत आहे असा समज होतो. अंतर ३०,००० मिलिसेकंद ठेवले तर पहिल्या आणि दहाव्या प्रयत्नात साडेचार मिनिटे जातात, डेटाबेसला उठायला तेवढी सवड मिळते. डेड लेटर क्यूच्या संदेशसंख्येवर इशारा लावणे आणि कारण दूर झाल्यावर तिथले संदेश सीएलआयमधून (सर्व्हरला आज्ञा टाइप करून देण्याच्या साधनातून) मूळ क्यूत हलवणे, हे प्रत्येकाकडून हाताने करून घ्यावे.

आणखी एक सवय वर्गातच मोडायला हवी. सर्व्हर सुरू होत नाही म्हणून डेटा फोल्डर उडवला जातो. टिकाऊ संदेशांचे जर्नल (डिस्कवरची नोंद) त्याच्याच पोटात असते. फोल्डरबरोबर न पोहोचलेले संदेशही जातात.

नेमिंगमध्ये सुरक्षेचा धडाही हवाच. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या लॉगफोरशेल या लॉगफोरजे लायब्ररीतल्या त्रुटीचा फायदा घेऊन हल्लेखोर लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरातून जेएनडीआयला परक्या एलडॅप (डिरेक्टरी) सर्व्हरकडे वळवत होते. अविश्वासू मजकुरातून आलेले नाव कधीही शोधायला देऊ नये, आणि सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या जोडण्या गरजेपुरत्याच उघड्या ठेवाव्यात.

प्रशिक्षण संस्थांना विनंती आहे की परीक्षेत नवा क्यू बनवायला सांगू नका. मुद्दाम बिघडवलेला सर्व्हर द्या: एक्सपोर्टेड नोंद नसलेला क्यू, चुकीचा कनेक्टर पत्ता, क्यू वापरायला लागणारी 'गेस्ट' भूमिका न दिलेला वापरकर्ता आणि डेड लेटर क्यूत पडलेले दोनशे संदेश. लॉग आणि सीएलआय एवढ्यावरच कारणे शोधायला लावा, आणि एकही संदेश न हरवता दोनशेच्या दोनशे परत आणणाऱ्यालाच प्रमाणपत्र द्या.

– एक सर्व्हर प्रशासक, पुणे