केरीच्या मेस्तांना

नमस्कार मेस्त,

नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून आमच्याकडे मेकॅनिकला म्हणतात तसं मेस्तच म्हणते. गोव्यातल्या साखळी-केरीकडच्या माणसांना कळायचं ते कळेलच.

त्या रविवारी मावशीला बेळगावहून डिचोलीला घेऊन येत होते. चोर्ला घाटात धुकं होतं. एका वळणावर समोर ट्रक आला. ब्रेकवर पाय दाबला तर पेडल अर्ध्याहून खाली गेलं आणि गाडी चालतच राहिली. घाईघाईने पाय उचलून परत दाबला, तेव्हा कुठे ती थांबली. मावशीला मी काहीच बोलले नाही. केरीत चहाच्या टपरीसमोर गाडी लावली. माझे हात थरथरत होते. टपरीवाल्याने न विचारताच तुमच्या शेडकडे बोट दाखवलं.

खरं तर हे दुखणं दोन महिन्यांचं. पुढच्या चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क चिमटीत धरणारे भाग, गंजून अडकले होते. एका गॅरेजने ते दोन्ही सोडवून, नवीन सील घालून बसवले. तेव्हापासून पेडल म्हणजे भिजलेल्या पोईवर, आपल्या गोव्याच्या पावावर, पाय ठेवावा तसं. परत नेली, त्यांनी ब्रेक ऑइलमधली एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढली. पुन्हा नेली, मागचे ब्रेक शू बदलले. तिसऱ्या खेपेला मास्टर सिलिंडरच, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा पंपच, नवा टाकला. पैसे गेले, पोई तशीच. शेवटी ऐकायला मिळालं, ‘गाडी जुनी झाली बाई, आता असंच चालायचं.’ मलाही ते पटत चाललं होतं, याची आता लाज वाटते.

तुम्ही ही सगळी रामकहाणी ऐकून घेतलीत आणि एवढंच म्हणालात, "आदीं पळोवया," आधी बघूया. कुणाला नावं ठेवली नाहीत, पान्यालाही हात लावला नाहीत. आधी स्वतः सीटवर बसलात. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबलंत, मग दाबून धरलंत, चांगलं अर्धा मिनिट. मला म्हणालात, खाली सरकत नाही बघा, म्हणजे मास्टर सिलिंडर ठीक आहे आणि गळतीही नाही. भरभर पंप केलं की पेडल वर येतं आणि घट्ट होतं, म्हणजे एक तर आत हवा आहे, नाही तर मागचे शू ढिले आहेत. तसंच दाबून धरून इंजिन चालू केलंत, पेडल किंचित खाली गेलं. पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही बरा निघाला.

मग व्हाइस ग्रिपच्या जबड्यांना सायकलची ट्यूब गुंडाळून तुम्ही चाकांकडे जाणारे रबरी पाइप एकेक करून हलकेच दाबून बंद केलेत आणि दर वेळी मला पेडल दाबायला लावलंत. मागचे बंद केले, काही फरक नाही. पुढचे दोन्ही बंद केल्यावर पेडल एकदम दगड! दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पायाला काहीतरी टणक लागलं.

त्यानंतर तुम्ही टॉर्च घेऊन पुढच्या चाकामागे वाकलात आणि हसलात. एअर काढायचं निप्पल कॅलिपरच्या खालच्या अंगाला होतं. दुसऱ्या चाकालाही तेच. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. बोल्ट बरोबर बसतात, चाक फिरतं, ब्रेकही लागतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. तुम्ही पाण्याची अर्धी बाटली उलटी धरून दाखवलीत. बूच खाली, हवा वर. बूच कितीही वेळा उघडा, येणार पाणीच. म्हणजे तीन वेळा एअर काढताना नुसतं ऑइल बाहेर येत होतं, बुडबुडा एकही नाही, आणि काढणाऱ्याला वाटत होतं की एअर संपली!

मेस्त, मी शाळेत विज्ञान शिकवते. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. तेच वाक्य दोन महिने माझ्या पायाखाली होतं.

कॅलिपर अदलाबदल करून तुम्ही तांब्याचे वॉशर नवे घातलेत. उघडी बाटली फळीवर होती, तरी मला सीलबंद ब्रेक ऑइल आणायला पाठवलंत. पावसाळ्यात उघडं ऑइल हवेतलं पाणी पितं, म्हणालात. नंतर मी वाचलं: डॉट 3 प्रकारचं ब्रेक ऑइल ताजं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर हीच हद्द 140 पर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना ब्रेक तापून ऑइल उकळलं, तर त्याची वाफही हवेसारखीच दबते. त्या धुक्यातल्या वळणावर हे ठाऊक नव्हतं तेच बरं.

मग मला पेडलवर बसवून तुम्ही चाकाजवळून ओरडत होता, "दाब... धर... सोड." माझ्या गाडीत सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, ते सगळ्यात लांब म्हणून. पेडल पार खाली जाऊ नये म्हणून खाली लाकडाचा ठोकळा ठेवलात. मास्टर सिलिंडरातला पिस्टन रोज जात नाही त्या भागात गेला तर सील फाटू शकतं म्हणे. पुढच्या चाकाला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे निघाले तेव्हा मावशी खुर्ची सोडून बघायला आली. मोजत होती ती. सतरापर्यंत मोजले, मग चहा आला.

मजुरी सांगितलीत ती ऐकून मी दोनदा विचारलं. वर डिकीतला जुना मास्टर सिलिंडर बघून म्हणालात, ‘भंगारात घालू नका, तो चांगला आहे.’ हे मात्र जिव्हारी लागलं.

मनापासून आभार. पेडल आता वरच घट्ट लागतं, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे घाट दुसऱ्या गियरमध्येच उतरते. एक राहिलंच: तुमचा तो ठोकळा माझ्या गाडीत मॅटखाली सापडला. मावशीला पोचवायला येत्या रविवारी त्याच वाटेने जाणार आहे, तेव्हा देऊन जाईन.

तुमची,
डिचोलीची बाय