फोर्ट मॅकहेन्रीहून परतल्यावर

बाल्टिमोर, १८ सप्टेंबर

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

आठ महिने तुला पत्र नाही, याची टोचणी आहेच. गुडघा बरा आहे, बाकी सारे ठीक. आज जे लिहितो आहे, ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे हे सुचेना.

पुढच्या महिन्यात ईराला शाळेत इथले, म्हणजे अमेरिकेचे, राष्ट्रगीत एकटीने म्हणायचे आहे, म्हणून रविवारी तिला फोर्ट मॅकहेन्री दाखवून आणला. १८१४ च्या सप्टेंबरात ब्रिटिश नौदलाने या किल्ल्यावर २५ तास मारा केला. कैदेतल्या एका डॉक्टरांच्या सुटकेसाठी गेलेल्या फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाला हल्ल्याचा बेत कळला होता, म्हणून ब्रिटिशांनी त्याला हल्ला संपेपर्यंत अडकवून ठेवले. रात्रभर त्याने तो मारा जहाजावरून पाहिला आणि १४ तारखेच्या सकाळी किल्ल्यावर आपलेच निशाण दिसताच एका पत्राच्या पाठीवर ओळी टिपल्या. राष्ट्रगीताचा मान त्या कवितेला १९३१ साली मिळाला. चाल मात्र लंडनच्या एका गायनप्रेमी मंडळाच्या गाण्याची, म्हणजे शत्रूच्याच राजधानीतली!

घरी येऊन ईराने चारही कडवी वाचली. तिसऱ्यात भाडोत्री आणि गुलाम यांना पळण्याच्या धास्तीपासून किंवा थडग्याच्या अंधारापासून कुठलाच आसरा वाचवू शकला नाही, असे म्हटले आहे. त्या युद्धात मालकांकडून पळालेले काही गुलाम स्वातंत्र्यासाठी ब्रिटिशांच्या बाजूने लढले. त्या शब्दाचा रोख त्यांच्यावर होता का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण फ्रान्सिस की स्वतः गुलाम बाळगत होता, यात वाद नाही. "बाबा, गीतातले 'ही स्वतंत्रांची भूमी' असे मी कोणाच्या वतीने म्हणायचे?" असे तिने विचारले आणि मी निरुत्तर झालो.

कवितेकडे कवीचा हिशेब मागू नये, असे वसतिगृहाच्या गच्चीवर तू बजावले होतेस. मी तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी लाडवांचा डबा पुढे करून तूच तो मोडलास. आज माझीच बाजू माझी मुलगी मांडते आहे आणि मला तुझी बाजू हवीशी वाटते. ते ३० बाय ४२ फुटांचे निशाण मेरी पिकर्सगिल यांनी शिवले, तेव्हा त्यांच्या हाताखाली ग्रेस विशर ही १३ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी कराराने बांधलेली शिकाऊ होती. ईराही तेराचीच. ग्रेससाठी म्हणेन, असे ती रात्री म्हणते आणि सकाळी पुन्हा नको म्हणते.

वहिनींचा डोळा आता कसा आहे? विहिरीला पाणी लागले का?

तू तुझी बाजू सविस्तर लिही, पण माझ्या नावाने नको, ईराच्या नावाने. कार्यक्रम १० तारखेला आहे.

तुझा,
विनायक